पिवळा कोणाचा

माझा नवरा गेला तेव्हा आमचा एक वाद अर्धा राहिला होता. बाकीचे वाद आम्ही मिटवले होते, किंवा ते कंटाळून आपोआप मिटले होते. हा मात्र भिंतीवर होता. बैठकीच्या खोलीत शिरलं की समोरच्या भिंतीवर शेजारी शेजारी दोन चौकोन दिसत, प्रत्येक वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा. एक त्यांच्या पसंतीचा, एक माझ्या. दोन्ही पांढरेच म्हणायचे, पण अगदी पांढरे नव्हेत. दुकानदार ज्याला ऑफव्हाइट म्हणतात त्यातले, शेड कार्डावर एकाच पट्टीत एकाखाली एक बसलेले.

दवाखान्यातून त्यांना आणलं आणि त्याच भिंतीखाली ठेवलं. भेटायला येणाऱ्यांची पंचाईत झाली. मेलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे फार वेळ बघवत नाही, बायकोच्या चेहऱ्याकडे तर मुळीच नाही, म्हणून सगळे वर बघायचे, आणि वर हे दोन चौकोन. माझे यजमान पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. त्यांच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांनी दोन्ही चौकोन नीट न्याहाळले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, रंगाचं काम काढलं होतं का?"

"हो. चार वर्षं झाली."

त्यांनी समजुतीने मान हलवली. त्यांच्या खात्यात चार वर्षं म्हणजे काही नाही.

चार वर्षांपूर्वी आम्ही सगळ्या घराला रंग दिला होता. झोपायची खोली, स्वयंपाकघर, मुलीची खोली, सगळं एका दिवसात ठरलं. मुलीच्या खोलीला तर हैदराबादहून तिनेच फोनवर निळा सांगितला आणि आम्ही हो म्हटलं. बैठकीच्या खोलीपाशी आलो आणि अडकलो. पेंटर तीन दिवस थांबला. चौथ्या दिवशी दोघांच्या पसंतीचा एकेक चौकोन भिंतीवर मारून म्हणाला, "अम्मा, दोघं ठरवा, मग फोन करा." आणि दुसऱ्या कामावर निघून गेला. तो बिचारा अधूनमधून स्वतःच फोन करायचा. नंतर त्याने तेही सोडलं.

कार्डावर दोन्ही रंगांना इंग्रजी नावं होती. एकाचं कुठल्याशा समुद्रकिनाऱ्याचं, दुसऱ्याचं कसल्याशा फुलाचं. समुद्र आदिलाबादपासून फार लांब आहे आणि ते फूल आम्ही दोघांनीही कधी पाहिलेलं नव्हतं. ती नावं उच्चारायला यांनी तत्त्वतः नकार दिला. "रंगाला काय नाव ठेवतात? बारसं करतात काय?" असं म्हणून त्यांनी पेन्सिल घेतली आणि चौकोनांखाली आपल्या नकाशावरच्या अक्षरांत लिहिलं: एकाखाली 'माझा', दुसऱ्याखाली 'तिचा'. घरात त्या रंगांची नावं तीच पडली. खरी नावं मी विसरले. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे, हजारो पुस्तकांचे नंबर माझ्या डोक्यात आहेत, पण हे दोन शब्द राहिले नाहीत.

वाद रोज व्हायचा असं नाही, पण ऋतू बदलला तरी तो बदलायचा नाही. सकाळी ते पूर्वेच्या खिडकीजवळ वेताच्या खुर्चीत चहा घेऊन बसायचे आणि मला स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं ओरडायचे, "ऐकून राह्यली का? तुझा रंग पिवळा हाये. हळदीचं दूध सांडल्यासारखा."

मी तव्यावर भाकरी टाकत ओरडायची, "पिवळा तुमचा हाये. माझा स्वच्छ हाये."

"इथं येऊन पाह्य ना."

"आणि डबे तुमी भरता का?"

संध्याकाळी मी कॉलेजातून यायची, ट्यूबलाइट लावायची आणि चपला काढायच्या आधी भिंतीकडे बघायची. त्यांचा चौकोन पिवळाधमक. हे तेव्हा बाजारात गेलेले असायचे. पिशवी घेऊन परत आले की मी म्हणायची, "आता पाहा. आता सांगा पिवळा कोणाचा." पण ते टीव्हीपुढे बसायचे, आणि टीव्ही दाराकडच्या भिंतीवर, म्हणजे चौकोनांकडे पाठ. "मान दुखून राह्यली. उद्या पाहू." उद्या सकाळी पुन्हा हळदीचं दूध.

मग त्यांनी नवीन खोड काढली. मी घरात नसताना पेन्सिलीची अक्षरं खोडरबराने पुसायची आणि उलटी लिहायची. डाव्याचा उजवा, उजव्याचा डावा. मला ओळखता येतं का ते बघायला. मी संध्याकाळी आले की बरोबर पकडायची. तीन वेळा तरी पकडलं. ते म्हणायचे, "अंदाजानं सांगितलं तू. तुला काही फरक दिसत नाही. मला पण दिसत नाही. उद्या ही अक्षरं गेली ना, तर तुला तुझा रंग कोणता ते सांगता येणार नाही. पैज लाव."

"लावली," मी म्हटलं. काय लावली ते ठरलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तशी गरज पडत नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी ते गेले. एक छातीतली कळ, एक रिक्षा, एक दवाखाना. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही.

त्या भिंतीखालीच दिवा ठेवला. तेलाचा, रात्रंदिवस, तेरा दिवस. सोबत उदबत्त्या. आमच्याकडे दिव्याजवळ पीठ पसरून त्यावर टोपली झाकतात, आणि दुसऱ्या दिवशी टोपली उचलून पिठात कोणाचे ठसे उमटलेत ते बघतात. ज्याचे ठसे, त्याच्या जन्माला माणूस गेला. माझी नणंद आणि तिच्या गावच्या दोन बायका पिठावर ओणव्या झाल्या होत्या.

"चिमणी हाये पाहा."

"चिमणी कायची, मुंगी व्हय. इतके बारीक पाय कुठं असतात चिमणीचे?"

"माणसाचंच पाऊल दिसून राह्यलं मले तर. लहान लेकराचं."

मला नुसतं पीठ दिसत होतं. मनात आलं, हे असते तर म्हणाले असते, तिघींनाही काही दिसत नाही, तिघी अंदाजाने बोलतात. आणि मला हसू आलं. ते मी पदराआड लपवलं आणि बायकांना वाटलं मी रडते आहे. एकीने पाठीवर हात फिरवला. मग खरंच रडले.

नणंद माझ्याहून लहान आहे, पण मी तिला ताई म्हणते. तामसीकडच्या गावात तिची कापसाची शेती आहे. कामाला तिचा हात कोणी धरणार नाही. सुतक फिटलं त्या दिवशी तिने सोडा घालून सगळ्या भिंती ओल्या फडक्याने पुसून काढल्या, मग दोन चौकोनांच्या बरोबर मध्ये खिळा ठोकला आणि फोटो लावला. चंदनाच्या सालींचा मोठा हार घातला. तो दोन्ही बाजूंना लोंबून चौकोनांच्या खालच्या कडांवर पसरला होता. दोन रंगांच्या मध्ये हे पंचासारखे बसले. स्वतः खेळाडू असून.

जाताना ताईने बजावलं, "वैनी, वर्षभर घराला रंग लावू नका. चालत नाही."

मला ते बरंच वाटलं. वादाला स्थगिती मिळाली.

त्या वर्षात माझ्या सवयी थोड्या बदलल्या. एकटीचा डबा भरायला वेळ लागत नाही. सकाळी हातात चहा आणि अर्धा तास उरायचा. स्वयंपाकघरात उभ्याने प्यायचं काही कारण राहिलं नाही, म्हणून मी वेताच्या खुर्चीत बसायला लागले. खुर्ची त्यांच्या बाजूने खचलेली आहे. डावीकडे कलून बसावं लागतं.

वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेल्यावर ताई दोन दिवस राहिली, आणि तिसऱ्या दिवशी चहा पिताना भिंतीकडे बोट करून म्हणाली, "काऊन वैनी, हे डाग अजून ठेवले तुमी? आता लावा ना रंग. दादा काय म्हणत असन वरून?"

"ते म्हणत असतील, तिचा पिवळा आहे."

"कोणाचा?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने उठून फोटो काढला, हार काढला आणि चौकोनांपाशी नाक नेलं. "यात तुमचा कोणता?"

मीही उठले. खाली अक्षरं नव्हती. सोड्याच्या पाण्याने पुसलेल्या भिंतीवर ती कुठून राहणार? आणि फोटोपुढे वर्षभर लावलेल्या दिव्या-उदबत्तीच्या काजळीने दोन्ही चौकोन सारखेच मळके करडे झाले होते. मी डाव्याकडे पाहिलं, उजव्याकडे पाहिलं. ट्यूबलाइट लावली, बंद केली. मला ओळखता येईना.

"थे पेन्सिलीचं का?" ताई म्हणाली. "थे तर मीच पुसलं. मले वाटलं कोण्या लेकरानं गिरगटलं. तुमच्या घरी लेकरू कुठं हाये हे ध्यानातच आलं नाही." आणि मग घाबरून, "लय महत्त्वाचं होतं का वैनी?"

"नाही हो ताई," मी म्हटलं.

पण होतं. त्यांनी पैज लावली होती की अक्षरं गेली तर मला माझा रंग सांगता येणार नाही. अक्षरं गेली होती आणि मला सांगता येत नव्हतं. म्हणजे ते जिंकले होते, तेही हजर न राहता. हरण्याचं मला तेवढं नाही. पण ते खरं असेल, दोन्ही रंग एकच असतील, तर चार वर्षं सकाळ-संध्याकाळ आम्ही नेमकं काय बोलत होतो? एकमेकांशी बोललेलं इतकं सगळं उगाचच होतं काय? हा विचार घेऊन मी दोन रात्री पडून राहिले. मुलीला व्हिडिओ कॉलवर भिंत दाखवली. ती म्हणाली, "आई, मला एकच भिंत दिसते आहे. तू जेवलीस का?"

शनिवारी मी रंगाच्या दुकानात गेले. मालक जुने, हिंदी बोलणारे. त्यांनी आधी दुःख व्यक्त केलं, मग कॉम्प्युटर सुरू केला. "भाईसाब का मोबाइल नंबर बोलो भाभीजी, नंबर से सब निकल जाता है."

तो नंबर मी वर्षभरात मोठ्याने उच्चारला नव्हता. न अडखळता सांगितला. स्क्रीनवर दोन नमुने आले, एकाच दिवशी कालवलेले.

"इसमें मेरा कौन सा है?" मी विचारलं.

"वो मशीन में नहीं आता भाभीजी." मग ते जरा घुटमळले. "भाईसाब आते थे बीच-बीच में. कार्ड सामने रखके बोलते थे, सेठ, सच बोलो, दोनों एक ही है ना? मैं बोलता था, नहीं साहब, अलग है, दिन में देखो तो एकदम अलग है. तो नाराज हो जाते थे. चाय भी नहीं पीते थे."

मी दोन्ही नमुन्यांचे नवे डबे घेतले. घरी येताना एकीकडे राग येत होता आणि एकीकडे पाय हलके पडत होते. फरक आहे हे त्यांना ठाऊक होतं. माहीत असून चार वर्षं मला छळलं.

रविवारी उजाडतानाच पेंटर आला, तोच जुना. त्याने आधी काजळी घासून काढली, प्रायमर मारला आणि वाळल्यावर दोन ताजे चौकोन ओढले. मग जमिनीवर बसून बिडी काढली, फोटोकडे बघून परत खिशात ठेवली.

"अम्मा, दुपारपर्यंत सांगा. दुकान रविवारी अर्धा दिवस. उद्यापासून चार दिवस काम करतो, मग नेरडीगोंड्याला एक घर हाय, तिथं लग्न हाय. नंतर मी महिनाभर गावत नाय."

"तुम्हाला आठवतं का, साहेबांचा कोणता होता?"

त्याने ब्रश पुसला. "सार माझ्या मागं उभं राहून एवढंच बोलायचे, 'तिचा जरा लहान मार.'"

मी चहा घेतला आणि वेताच्या खुर्चीत बसले. नऊ वाजले होते. खिडकीतून ऊन तिरकं भिंतीवर येत होतं. रंग वाळत गेला आणि एका क्षणी मला दिसलं. इतकं स्पष्ट, की मी चहा बाजूला ठेवला. उजवा चौकोन पिवळा होता. अगदी हळदीच्या दुधासारखा. डावा स्वच्छ, शांत, धुतलेल्या धोतरासारखा. पिवळा त्यांचा, स्वच्छ माझा. चार वर्षं मी हेच सांगत होते.

"डावा," मी म्हटलं. "डावा माझा."

"नक्की अम्मा?"

"शंभर टक्के."

फोटो सोफ्यावर टेकून ठेवला होता. मी त्यांच्याकडे बघून घेतलं. पेंटर नसता तर आणखीही काही बोलले असते. पैज जिंकली होती मी. अक्षरांशिवाय ओळखलं होतं.

चार दिवस घरात रंगाचा वास होता. मी मागच्या दाराने ये-जा केली, शेजारी जेवले, आतल्या खोलीत झोपले आणि बैठकीच्या खोलीत मुद्दाम डोकावले नाही. पेंटर शेवटच्या दिवशी सगळं आवरून, सामान लावून, फोटो पुन्हा खिळ्यावर टांगून गेला. किल्ली शेजारी दिली होती. मी कॉलेजातून आले, कुलूप काढलं, बटण दाबलं आणि चपला काढायच्या आधी भिंतीकडे बघितलं.

"अहो, पाहा," माझ्या तोंडून निघालं. "पिवळा पडतो म्हणून सांगत होते ना तुम्हाला."

आणि मी चपला तशाच पायात ठेवून खाली बसले.

कारण ते वाक्य माझंच होतं. चार वर्षांचं, त्याच वेळी, त्याच दारातून, ट्यूबलाइटच्या त्याच उजेडात म्हटलेलं. ते मी फक्त एकाच रंगाला म्हणत होते. चारही भिंती पिवळ्या दिसत होत्या आणि चारही भिंती त्यांच्या होत्या.

मी तशीच उठले आणि दुसऱ्या नमुन्याचा उरलेला डबा शोधला. ब्रश पेंटर घेऊन गेला होता. जुना टूथब्रश घेऊन पुस्तकांच्या कपाटामागे, कोणाला दिसणार नाही अशा जागी, हाताएवढा पट्टा ओढला आणि वाळेपर्यंत तिथेच फरशीवर बसून राहिले. वाळल्यावर तो ट्यूबच्या उजेडात स्वच्छ होता. रविवारी सकाळी मी ज्याला हळदीचं दूध म्हणून नाकारलं तोच माझा.

गोष्ट एवढीच होती. त्यांचा रंग सकाळच्या उन्हात स्वच्छ दिसायचा आणि संध्याकाळी पिवळा. माझा सकाळी पिवळा आणि संध्याकाळी स्वच्छ. ते सकाळी त्या खुर्चीतून बघत होते, मी संध्याकाळी त्या दारातून. दोघंही खरं सांगत होतो. चार वर्षांत आम्ही एकदाही एका वेळी त्या भिंतीपुढे बसलो नव्हतो. एकत्र बसलो तेव्हा टीव्ही बघत होतो. आणि मी निवड करायला बसले ती त्यांच्या खुर्चीत, त्यांच्या वेळेला, डावीकडे कलून. दुसरं काय दिसणार होतं मला?

मी हरले. शंभर टक्के म्हणून हरले. पण रंग एकच आहेत असं यापुढे मला कोणी म्हणू नये.

ताईचा फोन आला. "कसा दिसून राह्यला वैनी?"

"दादांचा लागला."

"मंग? बदलता का आता?"

"नाही."

बदलायचा नाही, असं ठरवायलाही लागलं नाही. सकाळी खुर्चीत चहा पिताना खोली छान दिसते, हे मान्य करावं लागतं. संध्याकाळी दार उघडलं की ती पिवळी दिसते आणि मी रोज एकदा मोठ्याने तसं सांगते. फोटोतल्या माणसाची मान आता दुखत नाही. त्याला बघावंच लागतं.

काल मी पेन्सिलीला टोक केलं. स्विचबोर्डाच्या खाली, नव्या रंगावर, माझ्या बारीक अक्षरात लिहिलं: 'तुमचा. फक्त सकाळी.' मग कपाटामागे जाऊन त्या पट्ट्याखाली लिहिलं: 'माझा.'

पुढच्या आठवड्यात ताई ज्वारीचं पीठ घेऊन येणार आहे. घरातली सगळी फडकी मी आत्ताच कुलपात ठेवली आहेत.